पुढची सीट

"आई, तू पुढे का बसत नाहीस?"

विचारलं एकदाचं! लगेच मोबाइल काढून हरलीनला कळवलं, 'विचारलं.' पैज म्हणजे पैज.

कॅलगरी मागे पडून आम्ही नुकतेच डोंगरांच्या तोंडाशी आलो होतो. बाबा गाडी चालवत होते. मी आणि आई मागे. आणि बाबांच्या शेजारच्या सीटवर बसली होती दशम्यांची पिशवी. सीटबेल्ट लावून. खोटं नाही सांगत. सीटवर जरा वजन पडलं आणि पट्टा लावलेला नसला की आमची गाडी टुंग टुंग करून डोकं उठवायची. म्हणून बाबा निघताना आधी पिशवीचा पट्टा लावायचे, मग स्वतःचा.

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग पिशवी कुठे ठेवायची?"

"मागे. माझ्या शेजारी."

"आणि चटणीचं तेल गळलं म्हणजे?"

"पुढे नाही का गळत?"

"शमू, अख्खा दिवस प्रवास करायचाय. आत्तापासून डोकं खाऊ नकोस."

मी समोरच्या आरशात बघितलं. बाबांचे डोळे रस्त्यावर होते. त्यांनी फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

ही गोष्ट मी चौदा वर्षांची होते तेव्हाची. आता मी बारावीत आहे आणि बोलायला उभी राहिले की मला खाली बसवावं लागतं. पण तेव्हा मला नुकताच कंठ फुटला होता. नाशिकहून आम्ही कॅलगरीला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची. त्यानंतर कितीतरी वर्षं शाळेत जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. कुणीतरी बोलावेल म्हणून मी वाट बघायची. बोलावलं कुणीच नाही. मग मी चौदाची झाले त्या वर्षी हरलीन नावाची एक दांडगट मुलगी आली, "इथे कुणी बसतं?" असं विचारून उत्तराआधीच बसली, आणि माझ्या डब्यातली दशमी तोडून खायलाही लागली. तिच्या मागोमाग क्लोई आली. मग आम्ही तिघींनी डिबेटची टीम केली, आणि जूनमध्ये ती टीम चक्क जिंकली. मला एकदम असं वाटायला लागलं की जगात जो प्रश्न असेल तो मी विचारू शकते.

म्हणूनच तर पैज लागली. शाळेच्या दारात आमची गाडी यायची तेव्हा आई मागे आणि पुढची सीट मोकळी, हे त्या दोघींनी हेरलं होतं. हरलीनची आई पुढे बसते, आणि चाक तिच्या बाबांच्या हातात असलं तरी गाडी तीच चालवते. "तुझ्या आईला विचारून दाखव," हरलीन म्हणाली, "का बसत नाही ते. हिंमत असेल तर." मी म्हटलं, त्यात काय हिंमत लागते? घरी आल्यावर कळलं. लागते.

कारण आमच्या घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान आवाज तरी झाला असता. आमच्या घरात मी होते. "शमू, बाबांना विचार, चहा घेणार का." बाबा तिथेच, हातभर अंतरावर, पेपर वाचत. "शमू, आईला सांग, अर्धा कप." मी दोघांना काहीच सांगायची नाही, कारण दोघांनी ऐकलेलंच असायचं. तरी मी तिथे असावं लागायचं.

त्या उन्हाळ्यात एक मोठी गोष्ट अशीच माझ्यामार्फत ठरत आली होती. बाबा पुलांचे इंजिनिअर. कॅलगरीतली त्यांची नोकरी गेली आणि व्हँकूव्हरच्या एका कंपनीने बोलावलं. आईची इस्पितळातल्या प्रयोगशाळेतली नोकरी कॅलगरीत पक्की. तेव्हा बाबांनी व्हँकूव्हरला खोली घेऊन एकट्याने राहायचं, आणि माझी बारावी होईपर्यंत आईने आणि मी कॅलगरीत. म्हणजे चार वर्षं. आता जाऊन खोली बघायची, वंदाआत्याकडे दोन दिवस राहायचं, आणि परत आल्यावर बाबांनी कंपनीला 'येतो' म्हणून कळवायचं. नाशिकला फोनवर सगळ्यांना सांगून झालं होतं, "काय करणार, शमूची शाळा आहे ना."

तुला चालेल का, एवढं मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला कळलं असतं. निरोप माझ्याच हातून गेला असता.

ऑगस्ट होता. पलीकडच्या जंगलांत वणवे लागले होते आणि धुराने सगळे डोंगर खाऊन टाकले होते. ज्या डोंगरांसाठी लोक जगभरातून येतात, ते आमच्या दोन्ही बाजूंना होते म्हणे. सूर्य म्हणजे शिळं, लालसर नाणं.

"शमू, आईला सांग, डावीकडे बघ म्हणावं. तीन मोठी शिखरं आहेत. तिन्हींवर बर्फ असतो."

"आई, डावीकडे."

आईने बघितलं. मी बघितलं. पांढरा धूर.

"छान," आई म्हणाली.

दुपारी बाबांनी रस्त्याकडेच्या एका सज्ज्याशी गाडी थांबवली. तिथून आगगाडीचे बोगदे दिसतात. आईचे डोळे धुराने चुरचुरत होते, ती गाडीतच थांबली. बाबा मात्र लहान मुलासारखे उतरले.

"हे बघ, चढ इतका होता की गाड्या उलट्या घसरायच्या. मग त्यांनी काय केलं, डोंगराच्या पोटात गोल रस्ता पोखरला. मालगाडी खालच्या तोंडाने आत शिरते, आत वळसा घेते आणि वरच्या तोंडाने बाहेर येते. लांब गाडी असली ना, तर इंजीन वर बाहेर पडतं तेव्हा शेपूट खाली अजून आत जातच असतं. स्वतःचंच शेपूट दिसतं त्याला!"

"बाबा, आई पुढे का बसत नाही?"

बाबांनी कठड्यावरची राख बोटाने पुसली. "तिला मागे बरं वाटतं."

"ती म्हणाली असं?"

"म्हणायला कशाला हवं? तू झालीस तेव्हा गाडी सुरू झाली की भोकाड पसरायचीस. म्हणून ती मागे गेली. पुढे तुझं रडणं थांबलं, पण ती मागेच राहिली. मी म्हटलं, तिथे रमलीये, कशाला उठवा."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी?" बाबा हसले. मला ते हसू ओळखीचं नव्हतं. "त्याआधी पुढेच असायची की. सापुताऱ्याला जायचो आम्ही, जुन्या गाडीतून. हिच्या मांडीवर शेंगांचा कागद. सोलायची आणि दाणे माझ्या हातावर ठेवायची. मला बघायलाही लागायचं नाही. रस्त्यावरची नजर न काढता नुसता हात असा पुढे केला की दाणे हजर."

त्यांनी हात पुढे केला. तळवा वर. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि त्यांनी तो हात खिशात घातला.

"मग म्हणा ना तिला. पुढे ये म्हणून."

"आता काय, शमू. इतक्या वर्षांनी काय म्हणायचं ते." आणि लगेच, "हे तिला जाऊन सांगत बसू नकोस हं."

तेवढ्यात खालून धडधड सुरू झाली. "आली, आली! जा, आईला बोलाव!"

मी पळत गेले. आई डोळे मिटून मागच्या सीटवर बसली होती. झोपलेली माणसं पर्स इतकी घट्ट धरत नाहीत. मी दार न उघडताच वळले. परत जाऊन सांगितलं, "झोपलीये." इंजीन धुरातून वर निघालं, शेपूट खाली कुठेतरी असणार. बाबांनी ते एकट्यानेच बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते.

रेव्हलस्टोक नावाच्या गावी आम्ही मुक्काम केला. सकाळी मोटेलच्या खिडकीत आई चहाचा कप घेऊन उभी होती. खाली गाडीवर राखेचा थर बसला होता, आणि बाबा ओल्या फडक्याने काच पुसत होते. आधी त्यांच्या बाजूची. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूची. कोपऱ्या-कोपऱ्यातून, वाफ सोडून सोडून.

"ती बाजू कशाला इतकी घासतायत?" आई म्हणाली. "तिथे कोण बसतं?"

"पिशवीला देखावा दिसायला नको?"

आईला हसू आलं. चहा सांडता सांडता राहिला. मी ती संधी साधली.

"आई, खरं सांग ना. का नाही बसत?"

आईने कप खिडकीत ठेवला. "कुणी ये म्हटलं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. तू तीनेक वर्षांची झाली होतीस. एकटी बसायला लागली होतीस मागे. म्हटलं, चला, आता पुढे जावं. कॉलनीत गाडी उभी होती, पुढचं दार उघडून उभी राहिले. सीटवर यांची ऑफिसची बॅग होती. हे म्हणाले, 'काय गं, काही विसरलं का?' मी म्हटलं, 'नाही.' आणि दार लावून मागे येऊन बसले."

"अगं, बॅग उचलून ठेवायची ना मागे!"

"हो, ठेवता आली असती." ती खाली बघत होती. बाबा आता वायपर उचलून त्याच्याखालची राख काढत होते. "इथे आल्यावर वाटलं होतं, इथे सीटची बाजूसुद्धा बदललीये, तेव्हा कदाचित... पण नाही. रिकामी ती रिकामीच राहिली."

"मग आज म्हण. 'मला पुढे बसायचंय.'"

"आज?" आईने कप उचलला. चहा गार झाला होता, तरी ती प्यायली. "आता महिन्याभराने तर त्यांची मागची सीटपण रिकामी होणार आहे, शमू. आता पुढे बसून काय करू?"

"मी सांगू बाबांना?"

"सांगून तर बघ! परत बोलणार नाही तुझ्याशी."

म्हणजे बघा. आयुष्यभर या दोघांचे चहाचे, भाजीचे, लाइट बंद करायचे निरोप मी पोचवले. आणि पहिल्यांदा सांगण्यासारखं काही हाताशी आलं, तर दोघांनीही माझ्या तोंडाला कुलूप लावलं. त्या दिवशी डोंगर उतरून, उजाड टेकड्यांमधून, मग पुन्हा एका लांबलचक घाटातून आम्ही समुद्राच्या बाजूला आलो. मी मागे बसून दोन माणसांची गुपितं मांडीवर घेऊन होते आणि पुढे पिशवी पट्टा लावून आरामात बसली होती. हरलीनचा मेसेज आला, 'उत्तर मिळालं?' मी लिहिलं, 'दोन मिळाली.'

वंदाआत्या बाबांची मोठी बहीण. एकटी राहते, मोठ्याने बोलते, आणि घरात पाऊल टाकायच्या आत तुमच्या हातात ताट देते. दुसऱ्या दिवशी तीच आम्हाला खोली दाखवायला घेऊन गेली. तिच्या ओळखीच्यांच्या घराचं तळघर होतं. एक पलंग, एक शेगडी, एक खुर्ची. खिडकी वर, छताजवळ. तिच्यातून बाहेरच्या फुटपाथवरून जाणाऱ्यांचे पाय दिसायचे.

"खोली स्वच्छ आहे," आत्या म्हणाली. "बटाटे छान राहतील."

"एकट्याला पुरे आहे की," बाबा म्हणाले आणि खुर्चीवर बसून बघितलं. मग कुठे बघावं ते न कळून त्यांनी वर खिडकीकडे बघितलं. कुणाचे तरी बूट गेले. मग एक कुत्रा.

आई टाचा उंचावून वितीने खिडकी मोजत होती. "शमू, बाबांना विचार, पडदा कुठल्या रंगाचा हवा."

"सांग तिला, कुठलाही चालेल."

आणि मला काय झालं कोण जाणे, माझं तोंडच उघडेना. नुसतं 'आई, कुठलाही' एवढंच म्हणायचं होतं. तेही म्हणायची गरज नव्हती. पण दोघं माझ्याकडे बघत थांबली होती.

"शमू?"

आईचा हात खिडकीच्या चौकटीवर तसाच. बाबा खुर्चीत तसेच. वरून आणखी कुणाचे तरी पाय गेले. शेवटी आत्याच म्हणाली, "चला, मला ऊन हवंय." पडद्याचं तसंच राहून गेलं.

ती आम्हाला समुद्रावर घेऊन गेली. तिथे धूर कमी होता. पाण्यावर मोठमोठी जहाजं नुसती उभी होती. मी आणि आत्या आइस्क्रीम आणायला गेलो. परत येताना लांबूनच मला आईबाबा बाकावर दिसले. पाठमोरे. बाबा एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये बरोब्बर माझ्याएवढी जागा.

दोघांनी ती न बोलता सोडली होती. माझ्यासाठी. मी गेले असते तर ती भरली असती आणि आमचं अगदी छान कुटुंब दिसलं असतं. मी तिथेच थांबले. वाटलं, बघू या, कुणी सरकतंय का. कुणी सरकलं नाही. दोघंही समोर बघत होती, आणि मागून मला कळत होतं की दोघंही माझीच वाट बघतायत. आइस्क्रीम मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

"अगं, चल ना, वितळतंय," आत्या म्हणाली.

"आत्या, मला एक आठवडा ठेवून घेशील?"

तिने बाकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "विचारतेस काय? विमानाचं मी बघते," असं म्हणून तिने माझ्या हातातलं वितळलेलं आइस्क्रीम स्वतः खाऊन टाकलं.

परतताना आत्याला भाजी घ्यायची होती. देशी दुकानात ती मेथी निवडत होती तेव्हा मी मागच्या रांगेत जाऊन भाजलेल्या शेंगांची एक मोठी पुडी उचलली.

निघायच्या सकाळी बाबांनी सामान लावलं. आत्याने भरून दिलेली पिशवी येतानाच्या पिशवीपेक्षा जाड होती. त्यांनी ती पुढच्या सीटवर ठेवली आणि पट्टा ओढला. आईने मागचं दार उघडलं. मी आत्याच्या पायरीवर उभी होते, झोपायच्या कपड्यांत, पायात आत्याच्या चपला.

"शमू, तू अजून तयार नाहीस?" आई म्हणाली. "कपडे बदल. उशीर होतोय."

"मी येत नाहीये."

"म्हणजे?" दोघं एकदम म्हणाली. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदम बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

"आत्याकडे राहतेय आठवडाभर. मग विमानाने येईन. तिने सगळं बघितलंय."

"आईला विचारलंस का?" बाबा.

"बाबांना तरी विचारलंस?" आई.

"कुणालाच नाही विचारलं. ठरवलं." मी डिबेटमधल्यासारखी ताठ उभी राहिले. "आणि कंपनीला काय कळवायचं ते तुम्ही वाटेत ठरवा. एकाने जायचं, तिघांनी जायचं की कुणीच नाही, काय ते. पण त्यात माझी शाळा घालू नका. मी तिकडच्या शाळेत राहीन, नाहीतर इकडच्या शाळेत येईन. मला चालेल."

चालणार नव्हतं. हरलीन, क्लोई, आमची टीम, माझ्या शेजारची भरलेली खुर्ची, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि आवाज मध्येच कापला. पण आवाज कापला तरी वाक्य पुरं करायचं असतं.

"इथली असो, तिथली असो. पण माझ्यासाठी म्हणून तुम्ही वेगळं राहायचं नाही. वेगळं राहायचं असेल तर तुम्हाला हवंय म्हणून राहा. आणि ते एकमेकांना सांगून."

आत्या मागे दारात उभी होती. आईचा हात मागच्या दारावर, बाबांच्या हातात पिशवीचा पट्टा, अजून न लावलेला.

"शमू," बाबा हळूच म्हणाले, "आईला..." आणि थांबले. मागच्या सीटवर निरोप घ्यायला कुणी नव्हतं.

मी पायरीवरून उतरले नाही. उतरले असते तर जाऊन बसले असते.

"पुढच्या कप्प्यात शेंगा ठेवल्यात," मी म्हणाले. "टरफलांसकट. मी येत नाहीये, आणि बाबांना चालवताना सोलता येत नाहीत. तेव्हा त्या कुणी सोलायच्या ते आता तुम्ही दोघं बघा."